राहुलाच्या हातातील आरसा
(मुलांच्या मनाच्या शिक्षणाविषयी नवदीक्षित कुटुंबांसाठी एक पाठ)



दीक्षा घेतल्यानंतर आपल्या घरात बरेच काही बदलले. भिंतीवरच्या तसबिरी बदलल्या. नवस, उतारे, गंडेदोरे गेले. सकाळ-संध्याकाळ त्रिसरण-पंचशील होऊ लागले. मुलांच्या शाळेसाठी तर आपण पोटाला चिमटा घेतो. फी, पुस्तके, शिकवणी यांत काही कमी पडू देत नाही. कारण परमपूज्य बाबासाहेबांनी शिक्षणाचे मोल आपल्या मनावर कायमचे कोरून ठेवले आहे.

परंतु एक प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो. मुलाला गणित आले, इंग्रजी आले, पण स्वतःचा राग ओळखता आला का? वर्गात कोणी टोचून बोलले तर ते घरी येऊन सांगता आले का? मित्र कोण आणि मित्राचे सोंग घेतलेला कोण, हे त्याला कळते का? चूक झाली तर ती न लपवता कबूल करण्याचे धाडस त्याच्यात आहे का? हेही शिक्षणच आहे. याची परीक्षा शाळा घेत नाही, पण आयुष्य रोज घेते.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात शाळांसाठी दहा जीवनकौशल्यांची यादी केली. स्वतःला ओळखणे, दुसऱ्याचे दुःख समजणे, नीट बोलता येणे, माणसे जोडता येणे, भावना सांभाळणे, ताण सोसणे, निर्णय घेणे अशी ती कौशल्ये आहेत. भारताच्या २०२० च्या शैक्षणिक धोरणातही सामाजिक आणि भावनिक विकासाचा उल्लेख आहे. म्हणजे ही गोष्ट आता शिक्षणतज्ज्ञांनी मान्य केली आहे. परंतु आपल्याजवळ ती अडीच हजार वर्षांपासून आहे. तथागतांनी एका लहान मुलाला ती शिकविली. तो मुलगा म्हणजे राहुल. आजचा पाठ त्या शिकवणीविषयी आहे.

पाण्याचे भांडे आणि आरसा

मज्झिम निकायात अम्बलट्ठिक राहुलोवाद नावाचे सुत्त आहे. अट्ठकथा सांगतात की त्या वेळी राहुल सात वर्षांचा होता. भगवान राजगृहाच्या वेळुवनात राहत होते व राहुल अम्बलट्ठिका येथे होता. संध्याकाळी भगवान त्याच्याकडे गेले. त्यांना दुरून येताना पाहून राहुलाने आसन मांडले, पाय धुण्यास पाणी ठेवले. भगवानांनी पाय धुतले आणि भांड्यात थोडे पाणी शिल्लक ठेवले.

मग त्यांनी राहुलाला विचारले, हे थोडेसे उरलेले पाणी दिसते का? जाणूनबुजून खोटे बोलताना ज्याला लाज वाटत नाही त्याचे श्रमणत्व एवढेच थोडे असते. नंतर त्यांनी ते पाणी फेकून दिले, भांडे पालथे केले, पुन्हा उताणे करून ते रिकामे असल्याचे दाखविले. प्रत्येक वेळी तीच गोष्ट समजावली. सात वर्षांच्या मुलाला तत्त्वज्ञानाची व्याख्या सांगून चालत नाही. हातातले भांडे दाखवावे लागते.

त्यानंतर भगवानांनी प्रश्न केला, "राहुला, आरसा कशासाठी असतो?" राहुल म्हणाला, पाहण्यासाठी. तेव्हा भगवानांनी सांगितले की त्याचप्रमाणे कायेने, वाचेने आणि मनाने जे काही करायचे ते पुन्हा पुन्हा पाहून करावे. करण्याआधी पाहावे, करताना पाहावे, केल्यानंतरही पाहावे. माझ्या या कृत्याने मला दुःख होईल का? दुसऱ्याला होईल का? दोघांनाही होईल का? होणार असेल तर करू नये. करताना तसे दिसले तर थांबावे. कायेने किंवा वाचेने चूक करून झाली असेल तर शास्त्याजवळ किंवा जाणत्या सोबत्याजवळ ती उघड करावी आणि पुढे सांभाळावे. कृत्य कुशल असेल तर आनंदाने राहावे.

सम्राट अशोकाने या उपदेशाचे मोल ओळखले होते. राजस्थानात बैराट येथे सापडलेल्या त्याच्या शिलालेखात भिक्षू, भिक्षुणी, उपासक आणि उपासिका यांनी वारंवार ऐकावेत अशा सात धम्मपाठांची नावे आहेत. त्यात असत्याविषयी राहुलाला केलेला हा उपदेश आहे. म्हणजे हा पाठ केवळ विहारातल्यांसाठी नव्हता, आपल्यासारख्या घरांसाठीही होता.

या गोष्टीतून आई-वडिलांनी काय घ्यावे?

पहिली गोष्ट म्हणजे भगवान राहुलाकडे स्वतः चालत गेले. त्याला चारचौघांत उभे करून रागावले नाहीत. आपण मात्र मुलाची चूक पाहुण्यांसमोर सांगतो. मुलाला चुकीची लाज वाटावी अशी आपली इच्छा असते, पण त्याला लाज वाटते ती स्वतःची. त्यातून तो चूक टाळायला शिकत नाही, लपवायला शिकतो.

दुसरी गोष्ट, भगवानांनी राहुलाला प्रश्न विचारला आणि उत्तर देऊ दिले. आपल्या घरात मुलांना प्रश्न कमी आणि हुकूम जास्त मिळतात. हुकूम पाळणारे मूल हुकूम देणारा समोर असेपर्यंत नीट वागते. स्वतः पाहायला शिकलेले मूल एकटे असतानाही नीट वागते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. चूक उघड करावी असे भगवान सांगतात. चूक सांगायची म्हणजे ती ऐकणारा हवा. मुलाने येऊन सांगितले, "बाबा, माझ्या हातून काच फुटली," आणि त्याला थप्पड बसली, तर पुढच्या वेळी तो कशाला सांगेल? खरे बोलण्याची शिक्षा आणि खोटे बोलण्याची सुटका, असा हिशेब मुलाला एकदा कळला की चौथे शील केवळ तोंडात राहते. नुकसान भरून द्यायला लावा, काम करायला लावा. पण आधी एवढे म्हणा, "खरे सांगितलेस, बरे केलेस."

भावनेला नाव देणे

आता पहिल्या पायरीकडे येऊ. आरशात पाहायचे तर काय दिसते ते ओळखता आले पाहिजे. सतिपट्ठान सुत्तात चित्तानुपश्यना सांगितली आहे. चित्तात द्वेष असेल तर द्वेष आहे असे जाणावे, नसेल तर नाही असे जाणावे. तिथे चित्ताला शिव्या दिलेल्या नाहीत. आधी जाणा, एवढेच सांगितले आहे.

आपल्या मुलांजवळ मनातल्या गोष्टींना शब्द फार थोडे असतात. "काही नाही", "बोअर होतंय", "डोकं फिरलंय" एवढ्यावर सगळे भागते. पण "डोकं फिरलंय" यात राग असू शकतो, भीती असू शकते, हेवा असू शकतो, अपमान असू शकतो, नुसती भूकही असू शकते. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. भुकेल्या मुलाला उपदेश देऊन काय उपयोग? घाबरलेल्या मुलाला "चिडतोस कशाला" म्हणून काय उपयोग?

म्हणून मुलाला नाव शोधायला मदत करा. "तुला राग आला की वाईट वाटलं?" "भीती वाटली की लाज वाटली?" "छातीत धडधडतंय का?" असे विचारा. भावनेला नाव सापडले की तिचा जोर थोडा ओसरतो आणि विचार करायला जागा मिळते, असा मानसशास्त्राचाही अनुभव आहे. शास्त्रज्ञ हेही सांगतात की आवेग आवरणारा मेंदूचा भाग पंचविशीपर्यंत पक्व होत राहतो. म्हणून पंधरा वर्षांचा मुलगा एका क्षणात भडकतो यात त्याच्या रक्ताचा किंवा कुंडलीचा दोष नाही. त्याची ती क्षमता अजून तयार होत आहे. सवयीने ती वाढते.

येथे मुलगे आणि मुली असा भेद करू नका. "मुलगा असून रडतोस?" असे म्हटले की मुलाजवळ दुःख दाखवायला रागाशिवाय दुसरे साधन उरत नाही. "मुलीच्या जातीने एवढं चिडू नये" असे म्हटले की मुलगी अन्याय सोसण्यालाच सद्गुण समजते. दोघांनाही रडता आले पाहिजे आणि दोघांनाही ठामपणे "नाही" म्हणता आले पाहिजे.

अपमानाचा प्रश्न

बंधुभगिनींनो, आपल्या मुलांच्या वाट्याला एक दुःख असे येते की जे शेजारच्या मुलांच्या वाट्याला येत नाही. आडनाव विचारले जाते. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना मागच्या बाकावर कुजबुज होते. "तुम्हाला काय, सवलत आहे," असे ऐकावे लागते. धर्म बदलला म्हणूनही कोणी चिडवतो.

मूल घरी येऊन हे सांगते तेव्हा आपण दोनपैकी एक उत्तर देतो. "जाऊ दे, लक्ष देऊ नकोस." किंवा, "दोन ठेवून द्यायच्या होत्यास!" पहिल्या उत्तराने मूल गिळायला शिकते, दुसऱ्याने आंधळेपणाने भडकायला. दोन्ही उत्तरांनी बोलणे मात्र तिथेच संपते. पुढच्या वेळी मूल सांगतच नाही.

याविषयी संयुत्त निकायात एक प्रसंग आहे. भारद्वाज कुळातील एकाने भगवानांजवळ प्रव्रज्या घेतली म्हणून त्याच कुळातील एक ब्राह्मण चिडून आला आणि भगवानांना अर्वाच्य बोलला. भगवानांनी विचारले, तुझ्या घरी पाहुणे येतात का? त्यांना तू जेवण वाढतोस का? त्यांनी ते घेतले नाही तर ते कोणाचे? ब्राह्मण म्हणाला, माझेच. तेव्हा भगवान म्हणाले की तुझ्या शिव्या आम्ही घेत नाही, त्या तुझ्याच राहिल्या.

मुलांना ही गोष्ट जरूर सांगा. पण अर्धी सांगू नका. शिवी न स्वीकारणे म्हणजे अन्याय स्वीकारणे नव्हे. "मी हलका आहे" हे त्याचे म्हणणे मी मनात घेणार नाही, एवढा तिचा अर्थ. त्याने जे केले त्याचा जाब मी विचारणारच नाही, असा तिचा अर्थ कधीच होत नाही.

हा फरक बाबासाहेबांच्या चरित्रात स्पष्ट दिसतो. १९०१ साली लहानगे भीमराव भाऊ आणि भाच्यांबरोबर वडिलांना भेटण्यासाठी गोरेगावला निघाले. मसूर स्टेशनवर जात कळताच स्टेशनमास्तरांचा चेहरा बदलला. गाडीवाले मिळेनात. शेवटी दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, तोही मुलांनीच गाडी हाकावी आणि आपण पायी चालावे या अटीवर. बरोबर जेवण होते, पण वाटेत प्यायला पाणी मिळाले नाही. अनेक वर्षांनी बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये हा प्रवास बारीकसारीक तपशिलांसह लिहिला. ते दुःख त्यांनी लपविले नाही, पण त्या दुःखाला स्वतःवर राज्यही करू दिले नाही.

पुढे २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यावर आपल्या लोकांवर हल्ला झाला. जेवत असलेल्यांना, घराकडे निघालेल्यांना मारले. संतापलेले कार्यकर्ते बाबासाहेबांच्या एका शब्दाची वाट पाहत होते. त्यांत पलटणीत राहिलेले कसलेले लोकही होते. बाबासाहेबांना राग आला नसेल का? परंतु त्यांनी लोकांना शांत राहण्यास सांगितले आणि कायद्याचा मार्ग धरला. हल्लेखोरांना न्यायालयात शिक्षा झाली. तळ्याच्या हक्काचा दावा दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात आपल्या बाजूने निकाल लागला.

यालाच आरशात पाहून कृती करणे म्हणतात. करण्याआधी त्यांनी पाहिले की या क्षणी हात उचलला तर दुःख कोणाला होईल. राग गिळला नाही, ओकलाही नाही. त्याला दहा वर्षे कामाला लावले. क्षांती या पारमितेचा अर्थ आपल्या मुलांना असा शिकवावा. क्षांती म्हणजे मान खाली घालणे नव्हे, तर मान ताठ ठेवून डोके थंड ठेवणे.

मग मूल अपमान होऊन घरी आले तर काय करावे? क्रमाने चार गोष्टी करा.

१. आधी पूर्ण ऐका. मध्ये बोलू नका, त्याच्यापेक्षा जास्त चिडू नका.
२. "तुला वाईट वाटलं ते बरोबरच आहे. दोष तुझा नाही," हे स्पष्ट शब्दांत सांगा.
३. "आता आपण काय करू या?" असे विचारा. मार्ग दोन-तीन काढा: त्या मुलाशी सरळ बोलणे, वर्गशिक्षकांना सांगणे, मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देणे. प्रत्येकाने काय होईल ते मुलालाच विचार करू द्या.
४. ठरले ते करा आणि मुलाबरोबर जा. प्रकरण गंभीर असेल तर अस्पृश्यता नष्ट करणारे राज्यघटनेचे सतरावे कलम आहे, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. आपण एकटे नाही, हे मुलाला दिसले पाहिजे.

मित्र कसा ओळखावा?

तेरा-चौदा वर्षांनंतर मुलांना आई-वडिलांपेक्षा मित्रांचे बोलणे जवळचे वाटते. याला घाबरू नका, पण त्यांना मित्राची पारख शिकवा. दीघ निकायातील सिगालोवाद सुत्तात भगवानांनी सिगाल नावाच्या तरुणाला नेमके हेच शिकविले. चार जण मित्राचे सोंग घेतात: नुसते घेणारा, नुसते गोड बोलणारा, खुशामत करणारा आणि नाशाच्या वाटेवर सोबत करणारा. चार खरे मित्र असतात: मदत करणारा, सुखदुःखात सारखा राहणारा, हिताचे सांगणारा आणि आपल्यासाठी मनापासून कळवळणारा.

ही यादी मुलांपुढे ठेवा आणि "तुझा अमका मित्र वाईट आहे" असे म्हणू नका. तसे म्हटले की मुले मित्राची बाजू घेतात. "तुझ्या मित्रांपैकी हिताचे कोण सांगतो?" एवढेच विचारा. आणि दुसरा प्रश्न: "तू स्वतः यांपैकी कोणता मित्र आहेस?" मोबाईलवर एखाद्याची टिंगल करणारे चित्र पुढे पाठविण्याआधी बोट एक क्षण थांबले, तर राहुलाचा आरसा त्या मुलाच्या हातात आला असे समजा.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात करुणा आणि मैत्री यांतील फरक दाखविला आहे. करुणा माणसांपुरती असते, मैत्री सर्व प्राणिमात्रांपर्यंत जाते. वर्गात एकट्या बसणाऱ्या मुलाजवळ जाऊन बसणे, वस्तीतल्या कुत्र्याला दगड न मारणे, घरकाम करून थकलेल्या आईला पाण्याचा तांब्या देणे, येथून मैत्रीची सुरुवात होते.

घर हीच पहिली शाळा

आता थोडे कटू बोलतो, राग मानू नये. मुले आपल्या उपदेशाने नव्हे, आपल्या वागण्याने शिकतात. बाप दारू पिऊन येतो आणि भिंतीवर पंचशीलाची पाटी आहे, तर मूल पाटीवरून नव्हे, बापावरून शिकते. आई-वडिलांचे भांडण आरडाओरड्याने सुरू होऊन अबोल्यावर संपत असेल, तर समेट कसा करावा हे मुलाने कुठे पाहायचे? म्हणून भांडण मुलांसमोर झाले असेल तर समेटही त्यांच्यासमोर करा. "मघाशी माझा आवाज चढला, ते चुकलं," असे बापाने मुलांदेखत आईला म्हटले, तर त्या एका वाक्याने मुले जे शिकतील ते दहा प्रवचनांनी शिकणार नाहीत. त्याने बापाचा मान कमी होत नाही.

कधी कधी मुलाचे दुःख घरच्या उपायांपलीकडे जाते. झोप उडते, जेवण सुटते, बोलणे बंद होते, जगण्यात अर्थ नाही असे शब्द तोंडात येतात. हे शब्द हसण्यावारी नेऊ नका. २०२२ या एका वर्षात देशात १३,००० हून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे आणि राज्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. अशा वेळी भगताकडे जाऊ नका, अंगारा लावू नका आणि "नाटक करतो" असेही म्हणू नका. मुलाला एकटे सोडू नका, सरळ विचारा आणि डॉक्टरांकडे न्या. टेलि-मानस ही सरकारी मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून आहे. तिचा क्रमांक १४४१६. शरीराच्या तापाला जसे औषध, तसे मनाच्या तापालाही आहे. दुःख आहे, दुःखाला कारण आहे आणि त्याचा निरोध आहे, हे आपण वंदनेत मानतो तर व्यवहारातही मानले पाहिजे.

या पंधरवड्याचा अभ्यास

रविवारी वंदनेनंतर सर्व कुटुंबाने अर्धा तास एकत्र बसावे. प्रत्येकाने तीन गोष्टी सांगाव्यात: या आठवड्यात मला कशाचा राग किंवा कशाचे वाईट वाटले, कोणते कृत्य करण्याआधी मी थांबून पाहिले, माझ्या हातून काय चुकले. सुरुवात घरातल्या थोरल्याने करावी. जे सांगितले जाईल त्यावरून कोणालाही नंतर टोमणा मारू नये, हा नियम कडक पाळावा. पहिल्या रविवारी मुले गप्प राहतील. तिसऱ्या-चौथ्या रविवारी बोलू लागतील.

पुढील प्रश्नांवर घरात किंवा विहारात चर्चा करावी.

१. भगवानांनी राहुलाला भांडे आणि आरसा का दाखविला? केवळ नियम सांगितला असता तर काय फरक पडला असता?
२. कृत्य करण्याआधी, करताना आणि केल्यानंतर पाहणे, यांपैकी आपल्याला सर्वांत अवघड कोणते जाते?
३. क्षांती आणि लाचारी यांतील फरक महाडच्या प्रसंगावरून सांगा.
४. आपल्या घरात मुलाने चूक कबूल केली तर आजवर काय होत आले आहे? पुढे काय व्हावे?
५. सिगालोवाद सुत्तातील चार खऱ्या मित्रांपैकी आपण कोणासाठी कोण आहोत?

मुलाच्या दप्तरात पुस्तके आपण भरली आहेतच. त्याच दप्तरात राहुलाचा हा आरसाही ठेवू या. त्याला पैसे पडत नाहीत, पण आधी आपल्याला स्वतः त्यात पाहावे लागते.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम!